नऊ चुलींचं जंगल

जंगलाला माणूस लागतो हे शहाण्या लोकांना कळलं, तोवर जंगलातली माणसं उचलून सपाटीवर नेऊन टाकल्याला तीस वर्षं होऊन गेली होती. आता त्यांना परत आणायचं होतं. परत आणायचं म्हणजे कसं, तर वाघ आणतात तसं. आधी मोजायचा, मग पट्टा बांधायचा, मग सोडायचा आणि लांबून दुर्बीण लावून बसायचं.

ट्रक कुंडी नाल्याच्या अलीकडे थांबले. नाला ही हद्द. पलीकडच्या काठावरून पायवाट वर चढत होती आणि तिच्या टोकाला होता भवईढाणा, कोरकूंचं जुनं गाव. सुगरती कास्देकर सगळ्यांच्या आधी उतरली. गावातून उठवलं तेव्हा ती नव्या लग्नाची पोरगी होती. आता केस पिकले होते, दोन दाढा गेल्या होत्या आणि नवरा अकोटच्या अलीकडच्या वसाहतीत पत्र्याखाली खोकून खोकून मेला होता. तीस वर्षं तिनं एकच धंदा केला होता. मोर्चा काढायचा, धरणं धरायचं, पोलिसांनी उचललं की गाडीत बसून मोठ्यानं गाणी म्हणायची. आमची माती आमाले द्या. ती माती आता समोर होती. मधे फक्त एक तंबू होता.

तंबूत पुनर्वन न्यासाचा अधिकारी बसला होता, परिमल सोमण. दाढी कोरलेली, बूट नवे. त्यानं एकेकाच्या गाठोड्यातून वस्तू काढून बाजूला ठेवायला सुरुवात केली. मोबाइल गेले, टॉर्च गेली, टेरिकॉटचे शर्ट गेले. डोकेदुखीच्या गोळ्या गेल्या.

"साबन बी नाई?" सुगरतीनं विचारलं.

"नाही मावशी. फेसानं मातीतले जीव मरतात."

"आन तुमी सकाळी आंघोळ करून आले ते?"

"मी हद्दीच्या आत येत नाही ना."

मागे उभा असलेला दयाराम पटेल, म्हणजे गावचा मुखिया, खो खो हसला. "बरोबर हाये वं सुगरती. ज्याले आत जायाचं हाये त्यानंच मळकट राह्याचं."

मनगटावर करडा पट्टा बसवला गेला. तो कापल्याशिवाय निघत नाही, असं परिमलनं सांगितलं. सुगरतीनं हात वर करून पाहिला. तिचा मुलगा बाटू आणि सून मनकी यांच्याही हातावर पट्टे आले. मग ती नाल्यात उतरली, पाणी ओलांडलं, पलीकडची मूठभर माती उचलून तोंडात टाकली आणि चावली. कुणी रडलं, कुणी ओरडलं. न्यासाच्या ड्रोननं ते सगळं वरून टिपलं. पुढे ते चित्र जगभर फिरलं.

*

गोष्ट अशी झाली होती.

डॉक्टर ईशानी वर्तक या बाईंनी एक यंत्र काढलं होतं, मातीवाचक. दिसायला साधी खुंटी, हातभर लांब. ती जमिनीत ठोकायची. तिच्या टोकाला नखाएवढी चकती. मातीवरून जो जीव जातो, मग ती मुंगी असो, हरीण असो, बुरशी असो की माणूस, तो काहीतरी मागे टाकतो. कातडीचा कण, लाळ, मूत, सडलेलं मूळ. त्या कणात त्या जिवाची ओळख असते, डीएनए. चकती ती ओळख वाचते, मातीत परकं औषध मिसळलं तर तेही हेरते आणि वर उपग्रहाला कळवते; खुंटीच्या माथ्यावर एक दिवा, माती निर्मळ असेल तोवर हिरवा. अशा हजारो खुंट्या अख्ख्या अभयारण्यात ठोकल्या आणि त्यांच्या वाचनातून संगणकात जंगलाचं जुळं उभं केलं. झाडाला झाड, ओढ्याला ओढा.

खऱ्या जंगलात प्रयोग करता येत नाही, जुळ्यात येतो. बाईंनी एकेक प्राणी जुळ्यातून काढून पाहिला. रानडुक्कर काढलं, जंगल थोडं हललं. वाघ काढला, जंगल लंगडलं. मग त्यांनी खोलवरची जुनी माती वाचली, तर तिच्यात चारशे वर्षांचा माणूस सापडला. त्यानं पेरलेली कुटकी, त्याची गुरं, त्याच्या चुलीची राख. तो माणूस त्यांनी काढला, आणि जुळं तीस वर्षांत कोसळलं. हुबेहूब बाहेरच्या खऱ्या जंगलासारखं.

कारण सरळ होतं. कोरकू मोह वेचायच्या आधी झाडाखालचा पाला जाळायचे. गुडघ्याएवढी आग, बाई हातातल्या डहाळीनं विझवू शकेल एवढी. ते गेले आणि पाला साचत गेला, रायमुनियाच्या काटेरी जाळ्या माजल्या आणि एका उन्हाळ्यात उभे साग जळाले. गुरं गेली तसं गवत जून झालं, हरणांनी तोंड फिरवलं आणि वाघ सपाटीवर उतरून लोकांच्या म्हशी धरायला लागला.

आता या जंगलाचा आणि या लोकांचा इतिहास सांगायचा तर लांब होतो, पण थोडक्यात सांगितलाच पाहिजे. गोऱ्या साहेबाला साग तोडून हवा होता तेव्हा यांच्या पणज्यांना जंगलात होते तिथेच वस्त्या करून बांधून ठेवलं, फुकट राबायला. साग संपत आला तेव्हा हेच लाकूडचोर ठरले. पाला जाळला की गुन्हा. मग वाघ कमी झाला. तो मारला होता राजेरजवाड्यांनी आणि शिकारी साहेबांनी, भिंतीवर मुंडकी टांगून. शिक्षा कोणाला? तर ज्यांच्याकडे भिंतच नव्हती त्यांना. ट्रक आले, माणसं नेली, आणि ज्या तारखेला नेली त्या तारखेला दरवर्षी शहरात निसर्गाची व्याख्यानं झाली. तेव्हा हे लोक अतिक्रमण होते. आता नवं नाव मिळालं, कळीची प्रजाती.

हे नवं नाव समजावून सांगायला डॉक्टर वर्तक वसाहतीच्या समाजमंदिरात आल्या होत्या. सुगरती पुढेच बसली होती.

"म्हंजे आमी वाघाच्या खाली का वर?" तिनं विचारलं.

"बरोबरीनं," बाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात खरा आनंद होता. ती बाई खोटी नव्हती, हे लिहून ठेवतो. खोटी असती तर बरं झालं असतं.

"मंग वाघाले बी हेच सांगनार का, नऊच घरं राहा म्हून?"

लोक हसले. बाईही हसल्या. पण नऊ म्हणजे नऊच होते. जुळ्यानं काढलेला आकडा तो. नऊ चुली. दहा झाल्या तर जंगलाला ओझं, आठ झाल्या तर पाला जाळायला, गुरं फिरवायला हात कमी. आठ झाल्या की काम अपुरं, आणि अपुरं झालं की सगळेच परत सपाटीवर. वसाहतीत आजूबाजूच्या गावांची मिळून साठ घरं होती. साठांतून नऊ निवडली गेली. बाकीच्यांनी सुगरतीच्या तोंडावर थुंकायचं तेवढं बाकी ठेवलं.

एक नियम बाईंनी शेवटी सांगितला, आणि तो सांगताना त्यांनी खाली पाहिलं. आत राहणाऱ्यानं जंतू मारणारं औषध घ्यायचं नाही. असं औषध पोटात गेलं की त्यातलं पुष्कळसं मुतातून जसंच्या तसं बाहेर येतं. मातीतले जीव त्यानं मरतात, जे मरत नाहीत ते मुरब्बी होऊन माजतात आणि मुळांशी बांधलेलं बुरशीचं जाळं फाटतं. जगात कुठेतरी धूर सोडणाऱ्या कंपन्या न्यासाकडून दाखला विकत घेत होत्या की आमच्या धुराच्या बदल्यात इथे एक माती अस्पर्श ठेवली आहे. दाखल्याची माती अशी फाटून चालत नव्हती. ज्याला औषध हवं त्यानं बाहेर जावं. पण एकदा गेला की गेला, चुलीसकट.

"आमचा भुमका हाये," सुगरती म्हणाली. भुमका म्हणजे गावचा पुजारी आणि वैद्यही. "तो देते मुळी. आमच्या सासू-सासऱ्याले कोनती कॅप्सूल होती?"

लोकांनी माना डोलावल्या. तीस वर्षं माती मागणाऱ्या बाईला मातीपुढे दुसरं काही दिसत नव्हतं.

*

पहिलं वर्ष सोन्याचं गेलं. ढाण्याच्या, म्हणजे वस्तीच्या, टोकाला पुरलेले लाकडी मुंडे, म्हणजे मेलेल्यांच्या नावानं कोरून उभे केलेले खांब, वाळवीनं खाऊन आडवे झाले होते. ते नवे कोरून बसवले. मुठवा देवाचा दगड जाळीतून मोकळा केला. पाला जाळला आणि तिसऱ्या महिन्यात तिथे कोवळं गवत आलं, गवतावर चितळं आली, चितळांमागे वाघीण आली. तिच्या पंज्याचा ठसा पाहून सबू भुमका तिथेच बसला आणि त्यानं ठशाला हात जोडले. "आली वं माय. तुले बी हाकललं होतं का?"

दर मंगळवारी नाल्याच्या बाहेरच्या काठावर न्यासाची गाडी यायची आणि पाण्यातल्या खडकावर मीठ ठेवून जायची. मीठ तेवढं बाहेरचं चालत होतं. गाडी चालवायचा मनकीचा भाऊ सुकलाल. बहीण-भाऊ नाल्याच्या दोन काठांवर उभे राहून ओरडून बोलायचे.

दुसऱ्या पावसाळ्यात फुलयच्या घरात ताप शिरला. फुलय सुगरतीची शेजारीण, चार पोरं जाऊन पाचवी जगलेली. ती पाचवी, दोन वर्षांची, छातीत कफ भरून घरघरायला लागली. फुलयनं तिला उचललं आणि नाल्याकडे निघाली. तेव्हा सुगरती तिच्यापुढे उभी राहिली.

"थांब वं. सबू मुळी उगाळून राह्यला. उतरंल ताप."

"नाई उतरला तं?"

"तुही चूल गेली तं आठ राह्यल्या. साऱ्या गावाले जा लागंल. तीस वर्षं मी कायच्यासाठी मार खाल्ला?"

फुलय थांबली. पोरगी तिसऱ्या दिवशी गेली. भवईढाण्याची रीत अशी की दूध पिणारं लेकरू गेलं तर त्याला मोहाच्या झाडाखाली पुरायचं. मोहात दूध असतं, झाड त्याला पाजतं. फुलयची पोरगी दोन वर्षांची असली तरी अंगावर पीत होती. तिला गावामागच्या मोठ्या मोहाखाली पुरलं. त्या मोहाच्या मुळाशी एक खुंटी होती. तिनं रात्रंदिवस आपलं काम केलं, आणि माती निर्मळ असल्याचं वर कळवलं.

सुगरती फुलयकडे रोज भाकरी घेऊन गेली. फुलयनं रोज ती खाल्ली. बोलली मात्र नाही.

*

होळीच्या आधी मनकीला मुलगी झाली. सुगरतीची पहिली नात. काळीभोर, डोक्यावर दाट केस, रडायला लागली की मुठवाच्या दगडापर्यंत ऐकू जायची. "मोर्च्यातली हाये," दयाराम पटेल म्हणाला. "आजीवर गेली. घोषना देते." होळीच्या फगव्यात तिला कडेवर घेऊन सुगरती इतकी नाचली की कंबर धरून बसली.

मोह गळायला लागला तेव्हा पोरीला ताप आला.

आधी नुसता ताप होता. मग दूध तोडलं. मग श्वास घेताना बरगड्यांच्या खाली खड्डा पडायला लागला. नाकपुड्या फुलत होत्या. मनकीनं सासूकडे पाहिलं. दोघींनी हे आधी पाहिलेलं होतं, शेजारच्याच घरात.

सबू भुमक्यानं मुळी उगाळली, चाटवली, मंत्र म्हटला आणि बाहेर येऊन अंगणात बसला. सुगरती त्याच्या मागोमाग आली.

"सांग."

"काय सांगू? हे माह्या मुळीचं नाई. तिले दवाखाना पाह्यजे."

"फुलयच्या पोरीच्या वक्ती नाई म्हनला तू असं."

"तवा तू इचारलं नाई," सबू म्हणाला.

सुगरती तशीच उठली आणि उन्हातून नाल्याकडे चालत गेली. पलीकडच्या काठावर न्यासाची छावणी होती. डॉक्टर वर्तक त्या महिन्यात तिथेच मुक्कामाला होत्या. सुगरतीनं हाक मारली तशा त्या काठावर आल्या. मधे घोटाभर पाणी होतं. ते ओलांडायची दोघींनाही मनाई.

"बाई, माह्या नातीले छातीत भरलं. औषध द्या."

"किती महिन्यांची?"

"दोन बी नाई."

बाईंचा चेहरा पडला. "आणा तिला. आत्ता आणा. गाडी देते, अकोटला नेते मी स्वतः."

"आन मंग?"

बाईंनी मागे उभ्या गाडीकडे पाहिलं.

"मंग आमची चूल गेली. आठ राह्यल्या. सारा ढाणा खाली. असंच ना?"

"नियम मी एकटीनं केलेला नाही, सुगरतीबाई."

"आकडा तं तुमीच काढला. एका लेकरासाठी तो हलवा. दहा चुली ठेवा, म्हंजे एक गेली तरी नऊ राह्यतीन."

"मी मांडून पाहिलंय ते," बाई म्हणाल्या. मग त्या जे बोलल्या ते बोलायला नको होतं, पण शास्त्रज्ञ माणूस, विचारलं की खरं सांगायची सवय. "चारशे वर्षं तुमचं गाव नऊ-दहा चुलींचंच होतं. वाढलंच नाही. म्हणून जंगल टिकलं. जुळं त्या स्थिरतेवर उभं आहे. औषध आत आलं, तर माती बिघडेल ते वेगळंच, पण गावही वाढत जाईल. दोन पिढ्यांत तीस चुली होतील."

सुगरतीला समजायला थोडा वेळ लागला.

"गाव वाढलं नाई," ती सावकाश म्हणाली, "कारन पोरं मरत होती."

बाईंनी मान हलवली नाही, पण नाहीही म्हटलं नाही.

"म्हंजे आमच्या मेलेल्या पोरांचा बी हिसाब त्या यंत्रात हाये. तेवढी मेली पाह्यजे."

"असं कोणी ठरवलेलं नाही हो..."

"तुमाले लेकरू हाये?"

"एक मुलगी आहे. चार वर्षांची."

"ताप येते का तिले?"

"येतो."

"मंग?"

डॉक्टर वर्तकांनी चष्मा काढला. "ती या जंगलातली नाही," त्या म्हणाल्या, आणि बोलल्याबरोबर स्वतःच दचकल्या.

सुगरती वळली. मागून बाई ओरडत होत्या, "आणा तिला, सुगरतीबाई! बाकीचं नंतर बघू! आणा!" हेही खरं, की त्या ओरडत होत्या.

*

ती गावात पोचली तेव्हा मनकी पोरीला पदरात बांधून निघालेलीच होती. बाटू तिच्यामागे, पण दोन पावलं मागे. पायवाटेवर गाव उभं होतं. कुणी हातात काठी घेतली नव्हती, कुणी शिवी दिली नव्हती. नुसते उभे होते, म्हातारे, बाया, सगळे. फुलय सगळ्यांच्या पुढे.

"सरक वं फुलय," मनकी म्हणाली.

"जा ना. मी कुठी धरलं तुले?" फुलय म्हणाली. "जा. सकाळी ट्रक येतीन. आमी बी चढू. माही पोरगी मोहाखाली एकटी राहीन."

"मावशे, माही जित्ती हाये अजून!"

"माही बी जित्तीच होती."

फुलयनं सुगरतीकडे पाहिलं. पोरगी गेल्यापासून पहिल्यांदा सरळ डोळ्यांत पाहिलं. "आता तू सांग. मले सांगितलं होतं तसं."

दयाराम पटेल पुटपुटला, "सुगरती, तू म्हनशील तसं करू. तू जा म्हन, आमी सामान बांधतो." आणि तो खरंच बांधणार होता. त्या म्हाताऱ्यानं हे तिच्या अंगावर टाकलं नाही, तिचा मान म्हणून तिच्या हातात दिलं. पण हातात पडलं ते पडलंच.

सुगरतीपुढे तीस वर्षं उभी होती. तहसीलची पायरी, पत्र्याखाली मेलेला नवरा, गवतावरची चितळं, नवे कोरलेले मुंडे. फुलयची पोरगी. आज आपण नाला ओलांडला तर ती पोरगी फुकट मेली, हे तिला दिसत होतं. आणि नाला ओलांडला नाही तर काय होणार, तेही दिसत होतं. म्हणजे अडाणीपणानं नाही झालं हे. देवभोळेपणानं नाही. चांगलं दिसत असताना झालं.

तिनं पुढे होऊन सुनेचा दंड धरला.

"एक दिवस पाहू," ती म्हणाली. "सबू दुसरी मुळी देते."

"आयो," मनकी म्हणाली, "तुले माहीत हाये दुसरी मुळी नाई."

"एक दिवस."

मनकीनं हिसका दिला. सुगरतीची पकड सुटली नाही. पोलिसांच्या गाडीच्या दारांना धरून धरून ती बोटं तयार झालेली होती. बाटू बापडा आईकडे पाहत होता, मग बायकोकडे, मग जमिनीकडे. शेवटी मनकी तिथेच वाटेवर खाली बसली. तशी माणसं एकेक करून घरी गेली. कुणी कुणाकडे पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी पोरगी गेली. जाताना आवाजसुद्धा केला नाही. एवढी ओरडणारी पोरगी, पण तिला श्वासच पुरला नाही.

तिला मोठ्या मोहाखाली पुरलं, फुलयच्या पोरीच्या शेजारी. खड्डा बाटूनं खणला. मोहाची फुलं टपटप पडतच होती, वेचायचं कुणी नव्हतं. खुंटीवरचा दिवा हिरवा होता.

*

त्यानंतरचा मंगळवार आला. मिठाची गाडी आली. सुकलालला नाल्यापलीकडून ओरडून कुणी काही सांगितलं नव्हतं, त्यामुळे त्याला काही ठाऊक नव्हतं. त्याला फक्त एवढं कळलं होतं की भाचीला ताप आहे. कसं कळलं, तर छावणीत डॉक्टर बाई कुणाशी तरी फोनवर रडत बोलत होत्या ते त्यानं ऐकलं होतं. त्यानं अकोटहून औषध आणून मिठाच्या पिशवीत खोल दडवलं आणि पिशवी खडकावर ठेवताना बहिणीला डोळ्यानं खुणावलं. मनकीनं मान हलवली. पिशवी घेऊन ती वर आली.

सुगरती अंगणात बसली होती. तिनं पाहिलं, सून घरात गेली नाही. पिशवीत हात घालून तिनं एक लहान बाटली काढली. लहान पोरांचं असतं तसलं औषध, तळाला पांढरी पूड, वर पाण्यासाठी खूण. बाटलीवर बाळाचं हसरं चित्र. मनकीनं ती चित्राकडून फिरवून पाहिली. मग कळशीतलं पाणी खुणेपर्यंत ओतलं, झाकण लावलं आणि हलवायला लागली. वसाहतीत शिकवलेलं होतं, पूड विरघळेपर्यंत हलवायचं. औषध गुलाबी झालं.

बाटली घेऊन ती गावामागे निघाली. सुगरती उठली आणि तिच्या मागे गेली.

मोठ्या मोहाखाली मनकी मांडी घालून बसली. झाकणाचंच माप होतं, ते तिनं भरलं. रेघेपर्यंत, जास्त नाही. बोटानं ताज्या मातीत एक भोक पाडलं आणि त्यात हळूहळू, ठसका लागू नये असं, औषध सोडलं.

"पी," ती म्हणाली. "पी वं माह्या माय. कडू नाई. गोड हाये."

माती भिजली. खुंटीवरचा हिरवा दिवा लुकलुकला, थोडा वेळ पिवळा राहिला आणि लाल झाला. वर कुठेतरी कळलं असणार. छावणीत भोंगा वाजला. न्यासाचा ड्रोन झाडावर येऊन घुमायला लागला.

मनकीनं मागे वळून सासूकडे पाहिलं. सुगरतीचे दोन्ही हात मोकळे होते. बाटली सुनेच्या हातातून हिसकावता आली असती, माती उकरून नाल्यापार फेकता आली असती. सकाळपर्यंत काही सांगताही आलं असतं न्यासाच्या लोकांना, ती बोलायला कधीच कमी नव्हती. ती वाकली. कंबर दुखत होती, हात टेकून बसली. दुसरं भोक तिनं पाडलं, थोडं पलीकडे, जिथे तोंड असेल तिथे.

"इथी दे," ती म्हणाली. "तिथी पाय हायेत."

मनकीनं दुसरं माप भरलं.

भोंगा ऐकून ढाणा गोळा झाला. बाटू आला, सबू आला, दयाराम पटेल काठी टेकत आला. लाल दिवा सगळ्यांना दिसला. पटेलानं एकदा नव्या मुंड्यांकडे पाहिलं, एकदा गवताकडे, आणि घराकडे वळला. सामान बांधायला.

फुलय गेली नाही. ती उभी होती, ओठ घट्ट मिटून. सुगरतीला वाटलं, ही आता आपल्याला मारणार. मारावं, असंही वाटलं. फुलय पुढे आली, दोघींच्या मधे जागा करून उकिडवी बसली, आणि शेजारच्या जुन्या, दबलेल्या मातीवरचा पालापाचोळा हातानं बाजूला सारला.

"माहीले बी दे," ती म्हणाली. "पुरंल ना?"

मनकीनं बाटली उजेडात धरून पाहिली. अर्धी होती.

"पुरंल," ती म्हणाली, आणि बाटली पुन्हा हलवायला लागली.